गाडीतील आपत्कालीन सामान आणि घरच्यांची अनास्था

आषाढमेघ

नमस्कार. आमचे घर पुण्यात आणि मूळ गाव गुहागर तालुक्यात असल्यामुळे दरवर्षी गणपतीला आम्ही पाच माणसे मोटारीने गावी जातो. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तेथून महाड, खेड, चिपळूण हा आमचा ठरलेला रस्ता आहे. यंदा निघण्यापूर्वी अडीअडचणीला लागणाऱ्या सामानाची एक पिशवी गाडीत कायमची ठेवायची, असे मी मनाशी पक्के केले आहे. घरात मात्र या विषयाची कोणालाच आस्था नाही, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

गेल्या वर्षी गौरीविसर्जन आटोपून परत येताना ताम्हिणीत संध्याकाळी सहाच्या सुमारास रस्त्यावर झाड आडवे पडले. मागे आणि पुढे गाड्यांची रांग लागली, मोबाइलला रेंज नव्हती आणि झाड बाजूला होईपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. गाडीत पाण्याची एकच बाटली होती आणि तीही अर्धी. डिकीत गावाहून दिलेले नारळ होते, कोकम होते, तांदूळ होते, पण हातात घेऊन लगेच खाता येईल असे काहीही नव्हते. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांनी संध्याकाळची गोळी वेळेवर घेतली होती आणि जेवण मात्र लांबले. नऊच्या पुढे त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. पुढच्या गाडीतील एका बाईंनी त्यांच्याजवळची साखर काढून दिली, म्हणून निभावले. त्या अंधारात माझ्या फोनच्या उजेडात सासूबाईंचा चेहरा पाहताना मला जी भीती वाटली, ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर मी दोनदा पिशवी भरून डिकीत ठेवली. पहिल्यांदा मखराचे सामान आणताना ती बाहेर निघाली आणि गॅलरीतच राहिली. दुसऱ्यांदा गाडी सर्व्हिसिंगला देताना यजमानांनी डिकी रिकामी केली आणि पिशवी माळ्यावर गेली. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे. यजमान गाडीची काळजी घेणारे आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच की, वीस वर्षे आपण जातो-येतो, एकदा खोळंबा झाला म्हणून डिकीची जागा कायमची का अडवायची? सासूबाई म्हणतात की देवाच्या कामाला निघताना अभद्र बोलू नये. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याच्या मते फोन केला की मदत येते. मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला या विषयात काहीच गम्य नाही.

माझा प्रश्न दुहेरी आहे. कमीत कमी काय ठेवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाद न घालता घरच्यांना यात कसे सामील करून घ्यावे, हे कोणाला साधले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

घाटवळण

ताई, आपण पिशवीपासून सुरुवात केली आहे. मी चाकापासून करीन. बावीस वर्षे प्रवासी गाडी चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, घाटात माणूस अडकतो तो बहुतेक वेळा टायरमुळे किंवा बॅटरीमुळे.

आपल्या गाडीत स्टेपनी आहे की नाही, हे आधी डोळ्यांनी पाहून घ्या. २०२० साली केंद्राने नियमांत बदल केल्यापासून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य दिलेले असेल, तर छोट्या मोटारीला स्टेपनी देण्याचे बंधन राहिलेले नाही. अनेकांना हे रस्त्यात थांबल्यावर कळते. स्टेपनी असेल तर तिच्यातील हवा तपासा, कारण ती वर्षानुवर्षे डिकीच्या तळाशी पडून असते आणि चार चाकांत हवा भरणारा माणूस पाचव्या चाकाकडे पाहत नाही.

दुसरी गोष्ट नटांची. हल्ली गॅरेजमध्ये चाकाचे नट हवेच्या बंदुकीने इतके घट्ट आवळतात की, गाडीसोबत आलेल्या आखूड पान्याने ते हलत नाहीत. घरी एकदा हाताने सैल करून पुन्हा आवळून पाहावेत. हलत नसतील तर पान्याच्या दांड्यावर चढेल अशी दीड-दोन फुटांची लोखंडी नळी सोबत ठेवावी. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. गाडी जॅकवर उचलल्यावर जोर लावू नये. आणि पावसाळ्यात साइडपट्टीच्या चिखलात जॅक रुततो, त्यामुळे त्याच्याखाली ठेवायला जाड लाकडी फळीचा एक तुकडा हवाच. एवढ्या एका फळीने माझी दोनदा सुटका केलेली आहे.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा शिरलेला दिसला तर तो उपटू नये. खिळा आहे तोवर हवा सावकाश जाते आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप जवळ असल्यास हवा भरत भरत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येते. लाल त्रिकोण गाडीच्या अगदी मागे टेकवून ठेवणारे पुष्कळ दिसतात; तो निदान पन्नास मीटर मागे असावा आणि घाटात तर वळणाच्या अलीकडे असावा, म्हणजे मागून येणाऱ्याला वळण घेण्यापूर्वीच सूचना मिळते.

यजमानांविषयी एक सुचवतो. जो माणूस गाडी जपतो, त्याला आपत्तीविषयी बोललेले रुचत नसेल, पण स्टेपनीची हवा तपासायला सांगितली तर तो नक्की तपासेल. तेथूनच सुरुवात करा.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या गल्लीतील गाड्या पाण्यावर तरंगताना मी गच्चीवरून पाहिल्या आहेत. त्यामुळे मी एकाच वस्तूविषयी लिहितो, ती म्हणजे काच फोडण्याची हातोडी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही माणसे बंद गाडीतच गुदमरून गेली, हे आपल्या पिढीला विसरता येणार नाही. समोरची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून बनवलेली असते आणि ती हातोडीने तडकली तरी निघत नाही. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत कडक केलेल्या असतात आणि कोपऱ्यात टोकदार घाव बसला की त्यांचा चुरा होतो. काही नव्या गाड्यांत मात्र बाजूलाही पडद्याची काच असते, म्हणून आपल्या गाडीतील काच कोणती आहे याची चौकशी करावी. पाण्यात गाडी शिरलीच तर दार उघडण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. पट्टा सोडावा, काच खाली होत असेल तोवर करून घ्यावी, न झाल्यास फोडावी, मुलांना आधी बाहेर काढावे आणि मग स्वतः निघावे.

ही हातोडी डिकीत ठेवून काहीही उपयोग नाही. ती चालकाच्या हाताला, पट्टा बांधलेला असतानाही, लागली पाहिजे. आणि मुळात वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये. फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलून नेऊ शकते.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे, म्हणून प्रथम आपल्या सासूबाईंविषयी लिहिते. आपण वर्णन केले आहे ती रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे दिसतात. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन ते चार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर पोळी, बिस्किटे असे काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. साखरेची पुडी ही वस्तू डिकीत नको. ती सासूबाईंच्या स्वतःच्या बटव्यात असावी. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून, लांबच्या प्रवासासाठी काय करावे हेही लिहून घ्या.

औषधांविषयी आणखी एक. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत इतकी उष्णता साठते की, तीस अंशांखाली ठेवायची औषधे तेथे कायमची ठेवणे योग्य नाही. इन्सुलिन तर मुळीच ठेवू नये. गाडीत राहील तो फक्त प्रथमोपचाराचा भाग: जंतुविरहित गॉजच्या घड्या, रुंद क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे आणि जलसंजीवनीच्या पुड्या. रक्तस्राव होत असेल तर जखमेवर कापूस न लावता गॉजची किंवा स्वच्छ कापडाची घडी ठेवून सलग दाबून धरावे आणि दर मिनिटाला उचलून पाहू नये. जलसंजीवनीची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची असते. पेलाभर पाण्यात मिसळल्याने अपाय होतो.

११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३, हे क्रमांक गाडीत कागदावर लिहून चिकटवावेत. घाबरलेल्या मुलाला ते आठवतीलच असे नाही.

आता घरच्यांविषयी. आपल्या घरात घाट लागला की कोणाला गाडी लागते का? लागत असेल तर त्या निमित्ताने पिशवी सुरू करा. आमच्या घरी नेमके हेच घडले. ओकारीसाठी जाड पिशव्या, ओला रुमाल, पाण्याची बाटली, आवळासुपारी आणि कपड्यांचा एक जोड यांना कोणीही अभद्र म्हटले नाही, उलट ही पिशवी घेतलीस का असे सासूबाईच विचारू लागल्या. गॉज आणि विजेरी त्याच पिशवीत नंतर गेली.

शेवटी एक प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर आपण स्वतःशी द्यावे. ही पिशवी कोठे आहे आणि तिच्यात काय आहे, हे आपल्याशिवाय घरात कोणाला माहीत आहे? अपघात झाला आणि जखमी आपणच असलात, तर ती कोण उघडणार आहे?

समतोल

येथे वेगळे मत मांडतो आणि ते आपण सद्भावनेने घ्यावे, ही विनंती. घरच्यांच्या नाराजीत काही तथ्य आहे असे मला वाटते. सामानाची यादी वाढत जाते, डिकी भरते आणि मनाला अशी खात्री वाटू लागते की आता आपण कोठेही, केव्हाही जाऊ शकतो. ही खात्री घातक आहे. हवामान खात्याने घाटमाथ्याला लाल इशारा दिलेला असताना घरी थांबणे हे कोणत्याही पिशवीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्या वेळी पुलावर असलेल्यांना कोणते सामान वाचवू शकले असते?

शिवाय सुटे सामान हेच संकट ठरू शकते. अग्निशामक नळकांडे चांगले, पण ते पट्ट्याने घट्ट बांधलेले नसेल तर धडक बसल्यावर तेच माणसांच्या अंगावर येते. एक किलोचे नळकांडे काही सेकंदांत रिकामे होते. नुकत्या लागलेल्या लहान आगीपुरतेच ते आहे आणि माणसे बाहेर काढण्याआधी त्याला हात लावू नये. पॉवर बँक, लायटर आणि फवारणीचे डबे मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवणे म्हणजे धोका घरी आणणे होय.

माझी पद्धत साधी आहे. उजेडात घाट पार करायचा, टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, टायर आणि वायपरचे रबर पावसाळ्यापूर्वी पाहायचे आणि प्रत्येक माणसामागे दोन लिटर पाणी व कोरडा खाऊ घ्यायचा.

आषाढमेघ

सर्वांचे मनापासून आभार. समतोल यांचे म्हणणे मला पुष्कळसे पटते. उजेडात घाट पार करणे आणि अर्धी टाकी, हे दोन्ही नियम मी आजपासून घेतले. एका मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. इशारा असेल तर थांबावे हे खरे, पण चतुर्थी आपल्यासाठी थांबत नाही. घरचा गणपती आहे, पूजेला बसणारे आम्हीच आहोत, आणि आपल्याला ज्या दिवशी पोहोचायचे असते त्याच दिवशी अर्धी मुंबई आणि पुणे त्याच रस्त्यावर असते. अशा वेळी एक दिवस आधी निघणे एवढेच हाती राहते, आणि तरीही झाड पडायचे तेव्हा पडतेच.

शुश्रूषाताईंचा शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. इतके दिवस मी घरच्यांना हे पटवण्याचा प्रयत्न करत होते की संकट येऊ शकते. त्यांनी ते मान्य करण्याची खरे तर गरजच नाही. पिशवी कोठे आहे, त्रिकोण कसा उघडतो आणि आजीची साखर कोणत्या कप्प्यात आहे, एवढे त्यांना ठाऊक असले तर मला पुरे आहे. मी ज्याला अनास्था म्हणत होते तिच्यात माझाही वाटा आहे, कारण दोन्ही वेळा पिशवी मी एकटीने भरली, एकटीने ठेवली आणि तिच्यात काय आहे हे कोणाला दाखवलेही नाही. मग ती उचलून माळ्यावर ठेवणाऱ्याला ती निरुपयोगी गाठोडे वाटली तर त्याचा दोष किती?

पोटोमॅककाठ

मी मेरीलँडमध्ये राहतो. येथे हा विषय बर्फामुळे येतो. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास महामार्ग क्रमांक ९५ वर हिमवादळाने शेकडो वाहने अडकून पडली आणि अनेकांना कडाक्याच्या थंडीत संपूर्ण रात्र गाडीत काढावी लागली. अमेरिकी सिनेटचे एक सदस्य टिम केन हेही त्यात होते आणि त्यांचा दोन तासांचा प्रवास सुमारे सत्तावीस तासांचा झाला. आम्ही त्या दिवशी घरीच होतो, पण तोवर माझ्या सामानाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या पत्नीने त्या संध्याकाळी स्वतःहून विचारले की आपल्या गाडीत पांघरूण आहे का.

तरीही बातमीची भीती आठवडाभरच टिकते. टिकले ते दुसरेच. मी माझी यादी बाजूला ठेवली आणि घरातील प्रत्येकाला रिकामी पिशवी देऊन सांगितले की, सहा तास गाडीत बसावे लागले तर तुला काय हवे असेल ते तूच भर. पत्नीने पायमोजे, गोधडी आणि जाड थर्मासमध्ये चहा ठेवायचे ठरवले, मुलाने पत्त्यांचा जोड आणि खाऊ ठेवला. फावडे, वाळूची पिशवी आणि विजेरी मी ठेवली. गेल्या तीन हिवाळ्यांत त्या पिशव्या कोणी बाहेर काढलेल्या नाहीत, कारण त्या आता त्यांच्या आहेत.

एक सूचना दोन्ही देशांना लागू आहे. अडकलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचे असेल, तर सायलेन्सरचे तोंड बर्फाने, चिखलाने किंवा मातीने बुजलेले नाही ना, हे उतरून पाहावे. विषारी वायू आत शिरला तर त्याला वासही येत नाही.

सह्यकडा

जागेच्या प्रश्नावर थोडेसे. गणपतीच्या सामानाखाली गेलेली पिशवी भर पावसात काढता येत नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी ठेवावी, म्हणजे डिकी उघडताच ती हाताला लागते. जॅक, पाना, नळी आणि फळी ही स्टेपनीच्या खळग्यात बसतात. टोचनाचा दोर घेणार असाल तर टोचनाचा हूक गाडीत कोठे लागतो, हेही पाहून ठेवा. पुष्कळ गाड्यांत तो सुटा असतो आणि बंपरवरील झाकण काढून फिरवून बसवावा लागतो.

आषाढमेघ

मंडळी, काल रविवारी काय घडले ते सांगते.

मी यजमानांना फक्त एवढेच विचारले की, स्टेपनीत हवा किती असेल. त्यांनी अभिमानाने सांगितले की पुरेशी असणार, आणि पंप लावून पाहिले तर तेहेतीसच्या जागी सोळा भरली. ते काही बोलले नाहीत, पण मुलाला खाली हाक मारून म्हणाले की आज तुला चाक बदलायला शिकवतो. पहिले दोन नट निघाले, तिसरा पान्याने हलेना. घाटवळण यांची नळीची युक्ती मी सांगितली. जुन्या पडद्याच्या दांड्याचा तुकडा लावून पाहिला तर तो वाकला, म्हणून शेवटी शेजारच्या प्लंबरकडून जाड नळी मागून आणली. चाक काढून पुन्हा बसवायला पंचेचाळीस मिनिटे लागली. मुलाने त्रिकोण उघडून पार्किंगमध्ये पन्नास मीटर मोजून ठेवला आणि तो इतका दूर ठेवावा लागतो, हे पाहून यजमानही थबकले.

सासूबाईंना मी संकटाविषयी काहीच सांगितले नाही. घाटात नातीला गाडी लागते, तेव्हा तिच्यासाठी एक पिशवी करू या, असे म्हटले. त्यांनी स्वतः आवळासुपारीची डबी, राजगिऱ्याच्या वड्या आणि जुन्या सुती साडीचे धुऊन घडी केलेले तुकडे काढून दिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले की, त्यांचा जुना चष्मा त्यात ठेवला तर चालेल का, कारण गेल्या वर्षी त्या अंधारात त्यांचा चष्मा पायाखाली गेला होता आणि त्यांना कोणाचा चेहरा दिसत नव्हता. हे त्यांनी वर्षभर कोणाला सांगितले नव्हते. साखरेची पुडी त्यांच्या बटव्यात आता आहे आणि ती त्यांनी स्वतः बांधली आहे.

मुलीने क्रमांकांचा कागद मोठ्या अक्षरांत लिहून पुढच्या खणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. हातोडी चालकाच्या दाराच्या कप्प्यात गेली. पिशवीवर निळा पट्टा शिवला आहे आणि ती सर्वांना दाखवली आहे. जॅकखालच्या फळीसाठी यजमान आज सुताराकडे गेले आहेत. ती किती जाड असावी हे त्यांनी विचारायला सांगितले आहे. दीड इंच पुरेल की दोन इंच घ्यावी?

घाटवळण

दोन इंच घ्या, आणि जॅकचा पाया मावून चारही बाजूंना बोटभर जागा उरेल एवढी रुंद घ्या. प्लायवुड नको, पाण्याने फुगते. साग किंवा आंब्याची अखंड फळी असावी.